शब्दाची मोट

पाटाला उतार दिला म्हणजे पाणी आपल्या पायांनी चालत शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. तेच पाणी विहिरीच्या तळातून वर आणावयाचे असल्यास मात्र पूर्वी मोट लागे, नाडा लागे, बैल लागत आणि धावेवरून पुन्हा पुन्हा मागे येण्याची चिकाटी लागे. आता मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली आहे. परंतु पाणी आपण होऊन वर चढत नाही हा सृष्टीचा नियम काही बदललेला नाही. मोठ्या संस्थांतील शब्दाचीही हीच रीत आहे. चालकांचा हुकूम वरून खाली येण्यास विशेष सायास पडत नाहीत. खालच्या माणसास जे दिसते, जे खुपते, जे सुचते, ते चालकांच्या कानापर्यंत चढविण्यास मोट लागते. आणि बहुतेक संस्थांत ती कोणी बांधलेलीच नसते.

हा विषय कारखानदारांचा, त्याचा कुटुंबवत्सल वाचकांशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आज आपल्यातील असे घर विरळाच, की ज्यातील मुलगा, सून, जावई किंवा नात कोणत्या ना कोणत्या मोठ्या संस्थेत नोकरीस नाही. बँक असो, इस्पितळ असो, पुण्याची संगणकाची कंपनी असो, की जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो. सायंकाळी घरी परतलेल्या माणसाच्या तोंडून 'आम्हांस तेथे कोण विचारतो?' हे वाक्य ज्यांनी ऐकले नसेल ते कुटुंब धन्यच म्हटले पाहिजे. पगाराबद्दलच्या तक्रारीपेक्षाही हे वाक्य मला अधिक चिंतेचे वाटते. ज्यास कोणी विचारीत नाही तो पाहून न पाहिल्यासारखे करू लागतो, आणि अशी माणसे वाढली म्हणजे संस्था बाहेरून धडधाकट दिसत असताही आतून पोखरली जाते. हे मी ग्रंथ वाचून म्हणत नाही. त्याची किंमत एका लहान मुलास द्यावी लागलेली मी पाहिली आहे, आणि त्या दोषात माझा स्वतःचा वाटा आहे.

मी एका शिक्षणसंस्थेच्या प्राथमिक शाखेत मुख्याध्यापक होतो. संस्था मोठी, शाखा अनेक. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या शाळेत सूचनावही फिरविण्याचा परिपाठ काटेकोर होता. संस्थेचे परिपत्रक आले की मी ते वहीत उतरवून घेई, शिपाई ती वर्गावर्गांतून नेई, प्रत्येक शिक्षक खडू खाली ठेवून सही करी, आणि सर्व सह्या पुऱ्या झालेली वही टेबलावर परत आली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मला प्रामाणिकपणे वाटे. सही म्हणजे वाचन, वाचन म्हणजे आकलन आणि आकलन म्हणजे संमती, अशी ती सोयीस्कर समजूत होती. आताच्या काळात वहीच्या जागी मोबाइलवरील गट आले आणि सहीच्या जागी दोन निळ्या खुणा आल्या. समजूत मात्र तीच राहिली आहे.

एका वर्षी भाद्रपदात मधल्या सुटीत पाण्याच्या टाकीलगतची आवारभिंत कोसळली. चौथीतील एका मुलाचा पाय तिच्याखाली सापडला. जीव वाचला, हाड सांधले. परंतु चालण्यात किंचित लंगडेपणा राहिला तो राहिलाच. संस्थेने चौकशी केली. अतिवृष्टी हे कारण ठरले. आवाराची देखरेख शिपायाकडे म्हणून त्यास 'कारणे दाखवा' अशी नोटीस काढावी, असे मला कळविण्यात आले, आणि मी त्या नोटिशीवर सही केली.

आमच्या शिपायास आम्ही सर्वजण 'मामा' म्हणत असू. वयाने ते माझ्याहून वडील. नोटीस हाती घेऊन ते माझ्या खोलीत उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, टाकी झिरपते आणि भिंतीला ओल धरली आहे, हे मला आषाढापासून ठाऊक होते."

"मग मामा, तुम्ही सांगितले का नाही?"

"सांगितले होते. कारकूनसाहेब म्हणाले, लेखी द्या. मला सहीपुरतेच लिहिता येते."

"अहो, पण माझ्याकडे यावयाचे होते."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग खाली पाहत म्हणाले, "तुमच्या खोलीत मी दिवसातून दहा वेळा येत होतो, गुरुजी. वही ठेवा, घंटा द्या, चहा सांगा, एवढेच बोलणे व्हायचे. मध्ये बोलायला जागा कुठे होती?"

मी निरुत्तर झालो. आयुष्यभर मुलांस संधिविग्रह शिकविणाऱ्या माणसास दोन माणसांतील बोलण्याची संधी मात्र ओळखता आली नव्हती. कारकुनाने नियम मोडला नव्हता, मी नियम मोडला नव्हता, मामांनीही मोडला नव्हता. सर्वांनी आपापले काम केले होते आणि भिंत पडली होती. ती नोटीस मी मागे घेतली आणि चूक माझी आहे असे संस्थेस लेखी कळविले. पण त्या मुलाच्या पायास त्याचा काय उपयोग?

पुढे विचार करता असे दिसले, की ही गोष्ट मला नवी नव्हती. आमच्या घरातही ती एकदा घडून गेलेली होती. माझ्या आजोबांच्या वेळी आमचे कुटुंब पंचवीस-तीस माणसांचे होते. पुरुषांची पंगत आधी, बायकांची मागून. घरातील सारे निर्णय पहिल्या पंगतीत होत, आणि घरातील सारी माहिती दुसऱ्या पंगतीत असे. एका पावसाळ्यात ज्वारीच्या पेवात ओल शिरली. धान्य काढताना कुबट वास येतो, हे प्रथम माझ्या आईच्या ध्यानात आले. पण ती सर्वांत धाकटी सून. तिने ते जावेस सांगितले, जावेने सासूबाईंस, आणि सासूबाई मामंजींची मर्जी प्रसन्न होण्याची वाट पाहत राहिल्या. मर्जी प्रसन्न झाली तोवर निम्मे पेव काळे पडले होते. त्यानंतर आजोबांनी एक गोष्ट मात्र केली. दर एकादशीस सायंकाळी ते ओसरीवर बसून घरातील प्रत्येकास काय कमी, काय बिघडले, हे विचारू लागले. आणि विचारण्यास आरंभ धाकट्या सुनेपासून करू लागले. वडील माणूस आधी बोलले तर धाकटे त्यांच्या विरुद्ध बोलणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ब्रिटिश लष्करी न्यायालयांतही सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे मत प्रथम घेण्याची जुनी वहिवाट आहे, हे मला फार पुढे वाचनात आढळले. आजोबांस ते न्यायालय ठाऊक असण्याचे कारण नव्हते; त्यांना नासलेली ज्वारी पुरेशी झाली.

एकत्र कुटुंबे द्रव्याच्या अभावी मोडली असे आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात तरी अनेक कुटुंबे दुसऱ्या पंगतीतील शब्द पहिल्या पंगतीत न पोहोचल्यामुळे मोडली. कारखाना, शाळा व कचेरी यांतही अशा दोन पंगती असतातच.

आता आमच्याच जिल्ह्यातील एका थोर उदाहरणाकडे वळू. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, ठोसरांच्या घरात जन्मलेल्या या पुरुषाने पुढे जी मठांची संघटना उभी केली, तिच्याकडे आपण भक्तिभावाने पाहतो. परंतु व्यवहाराच्या दृष्टीनेही ती पाहण्याजोगी आहे. डोमगावास कल्याणस्वामी, मिरजेस वेणाबाई, चाफळास अक्काबाई आणि दूर दक्षिणेत तंजावरपर्यंत मठ. तार नाही, दूरध्वनी नाही. अशा पसरलेल्या समुदायास एकसूत्रात ठेवावयाचे तर शब्द स्वच्छ असला पाहिजे आणि माणसाची भेट नियमाने झाली पाहिजे. पहिल्या गोष्टीचे महत्त्व समर्थांस किती वाटत होते हे दासबोधावरून दिसते. वीस दशक व दोनशे समास असलेल्या या परमार्थग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास केवळ लेखनक्रियेवर आहे; अक्षर कसे घोटावे, शाई व कागद कसे असावेत, येथपर्यंत त्यात विवेचन आहे. भेटीसाठी चाफळचा रामनवमीचा उत्सव होता; तेथे दूरदूरची शिष्यमंडळी एकत्र येत. ज्या काळी बाईमाणसाने चारचौघांत बोलणेही लोकांस रुचत नसे, त्या काळी मठाचा अधिकार वेणाबाईंसारख्या स्त्रीच्या हाती सोपविला गेला, ही गोष्ट तर विशेषच ध्यानात धरण्यासारखी आहे. दुसऱ्या पंगतीतील माणूस येथे पहिल्या पंगतीत बसविला गेला होता.

उद्योगधंद्यांच्या क्षेत्रात महाराष्ट्राने जे उदाहरण घातले ते किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे प्रथम मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक विद्यालयात शिक्षक होते. बढतीचा हक्क असता ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. डावलला गेलेला उत्तम माणूस भांडत बसत नाही, तो निघून जातो. मोठ्या संस्थांनी भ्यावयाचे ते यास. पुढे १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल रोड स्टेशनाजवळ, निवडुंगाने भरलेल्या माळावर, त्यांनी कारखाना व त्याभोवती कामगारांची वसाहत उभारली. मालक व कामगार एकाच वाडीत राहू लागले म्हणजे कोणाच्या घरी आजारी कोण आहे हे कळण्यास परिपत्रकाची गरज राहत नाही.

याच कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघू लागले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. आरंभीचा हेतू साधा होता. नांगर, चरक इत्यादी मालाची व कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांस व संबंधित मंडळींस कळावी. पण केवळ आपल्याच मालाचे गुणगान करणारे पत्रक फार दिवस कोणी वाचीत नाही. वाचणाऱ्याच्या संसाराचा, शिक्षणाचा, उमेदीचा विषय त्यात येऊ लागला तेव्हा ते घराघरांत शिरले, आणि पुढे 'किर्लोस्कर' या नावाने सर्व महाराष्ट्राचे मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्यास मिळाली. आज जी मोठी मंडळे गुळगुळीत कागदावर आपली गृहपत्रिका छापतात आणि ती कोणी उघडतही नाही म्हणून खंत करतात, त्यांनी या इतिहासातील मर्म पाहावे. ज्या पत्रिकेत सर्वत्र अध्यक्षांचीच छायाचित्रे असतात, तीत यंत्रावर उभे राहणाऱ्या माणसाने काय शोधावे?

आता पुन्हा जालन्यास येऊ. 'जालना सोन्याचा पाळणा' अशी जुनी म्हण आहे. आजच्या काळात ते सोने बियाण्याचे आणि लोखंडाचे आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील 'महिको', स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हापासून हा जिल्हा बियाण्याचे माहेरघर झाला. या धंद्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचा खरा कारखाना शेतात असतो. संकरित कपाशीचे बी कसे तयार होते ते पाहा. मादी वाणाच्या झाडावरील जी कळी उद्या उमलावयाची ती आज दुपारनंतर ओळखावी लागते. तिचे पुंकेसर, आतील कुक्षीस धक्का न लावता, नखाने अलगद काढावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या ताज्या फुलाचे पराग त्या कुक्षीवर लावावे लागतात. एका प्लॉटात अशा हजारो कळ्या. एखादी कळी नजरेतून सुटून उमलली तर तिला आपलेच पराग लागतात आणि तिचे बी संकरित राहत नाही. ते दिसण्यात मात्र इतर बियांसारखेच असते. चूक उघडकीस येते ती ते बी पेरून झाड उगवल्यावर.

म्हणजे प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाची सारी विद्या शेवटी सरीत वाकून उभ्या राहिलेल्या एका बाईच्या नखावर येऊन ठेपते. तिला 'असे करा' एवढेच सांगून भागत नाही. का करावयाचे तेही कळले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे असे, की आज ओळीत नर वाणाची फुले कमी आली, या झाडाचे पान निराळे दिसते, काल पाऊस पडून पराग भिजले, हे सर्वांआधी तिलाच दिसते. तिने ते निर्भयपणे सांगितले तर पीक वाचते. तिने मनात असे आणले, की 'आपली रोजंदारी बुडेल, बोला कशाला?' तर नुकसान शेकडो कोसांवरील अशा शेतकऱ्याचे होते, ज्याने विश्वासाने पुढच्या वर्षी ती पिशवी विकत घेतली. मोठ्या संस्थेतील सर्वांत महत्त्वाची बातमी बहुधा सर्वांत कमी पगाराच्या माणसाजवळ असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पाश्चात्त्यांसही हे कष्टाने शिकावे लागले. अमेरिकेत शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील दूरध्वनीयंत्रांच्या कारखान्यात १९२४ साली दिव्यांच्या प्रकाशाचा कामावर काय परिणाम होतो हे पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यातूनच पुढे १९२८ ते १९३० या काळात एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. प्रथम ठरीव प्रश्न विचारीत. लवकरच असे दिसले, की कामगारांस प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा निराळेच काही बोलावयाचे आहे. तेव्हा प्रश्नावली बाजूस ठेवून त्यांस मोकळेपणाने बोलू देण्यात आले, आणि खरी माहिती त्यानंतर मिळू लागली. जपानात टोयोटाच्या मोटारकारखान्यांत याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. दोष दिसताच साध्या कामगारासही दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार देण्यात आला. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमण्याची तरतूद केली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कल्पना राहिली. पण कायदा मंडळींना एका टेबलाभोवती बसवू शकतो. ऐकण्याची इच्छा त्याने कोठून आणावी?

यावर चालकवर्गाची एक शंका असते, आणि ती अगदीच निराधार नाही. सर्वांचे ऐकत बसलो तर कामे केव्हा करावयाची? माझे उत्तर असे, की ऐकणे म्हणजे प्रत्येकाच्या म्हणण्याप्रमाणे वागणे नव्हे. निर्णय ज्याचा त्यानेच करावा. मात्र माहिती घेऊन करावा. मामांचे बोलणे ऐकण्यास मला पाच मिनिटे लागली असती. याउलट, नुसते गोड बोलून पोट भरते असेही कोणी समजू नये. ज्यास पगार वेळेवर मिळत नाही त्याच्याशी आपुलकीच्या गोष्टी करणे ही त्याची थट्टा होय.

अनुभवाने पटलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, विचारण्यास आरंभ धाकट्यापासून करावा. दुसरी, तोंडी सांगितलेलेही सांगितलेच समजावे. ते लिहून घेण्याचे काम ज्यास लिहिता येते त्याचे, आणि ज्याच्या भाषेत त्यास समजते त्या भाषेत बोलण्याचे काम वरच्याचे. जालन्याच्या लोखंडाच्या गिरण्यांत बिहार, उत्तर प्रदेशाकडील पुष्कळ माणसे राबतात. लाल तापलेल्या सळईशेजारी उभ्या असलेल्या अशा माणसास इंग्रजी किंवा मराठी पाटी काय वाचवणार? तिसरी, सांगणाऱ्यास उत्तर मिळालेच पाहिजे. 'हे होणार नाही, कारण असे' हेही उत्तरच आहे. मौन मात्र उत्तर नव्हे, आणि दोनदा मौन मिळालेला माणूस तिसऱ्यांदा बोलत नाही. चौथी आणि सर्वांत कठीण अशी, की अप्रिय बातमी आणणाऱ्यास शिक्षा होता कामा नये. लंकेत खरे बोलणाऱ्या बिभीषणास बाहेर जावे लागले. त्यानंतर तेथे काय झाले ते आपण जाणतोच.

भिंतीच्या प्रसंगानंतर मी दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दहा मिनिटे कोणतेही काम हाती न घेता बसू लागलो. प्रथम मामांस बोलवी, मग कारकुनांस, मग शिक्षकांस. खुर्चीवर बसण्यास मामांनी तीन शनिवार घेतले, बोलण्यास पाच. सहाव्या शनिवारी ते म्हणाले, "गुरुजी, तिसरीच्या वर्गाच्या पत्र्याचा एक खिळा निघाला आहे."

तो खिळा त्याच दिवशी दुपारी ठोकला गेला.